तपासणी फुकट, मग निदानाला उशीर का?

क्षयाचा रोगी उशिरा दवाखान्यात आला की एकच कारण पुढे केले जाते : अज्ञान. आम्हाला ते मान्य नाही. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थुंकी तपासावी, हे झरी जामणी, मारेगाव, केळापूरच्या कोलाम पोडांवर आणि आपल्या वस्त्यांवर आता कुणाला नवे नाही. घोडे अडते ते पुढे.

कापूस वेचणारणीला मजुरी किलोवर मिळते. दवाखान्यात गेला तो दिवस बुडाला. एकदा थुंकीची डबी द्यायला, पुन्हा अहवालाला, मग एक्स-रेसाठी तालुक्याला. तपासणी फुकट आहे. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी कोण देणार? म्हणून बाई गावातल्या डॉक्टरकडे जाते. तो डिग्रीवाला आहे की नाही हा प्रश्न वेगळा, पण तो उधारीवर सुई टोचतो. त्याच्या काही गोळ्यांनी क्षयही तेवढ्यापुरता दबतो, ताप उतरतो, आणि रोग आतून पोखरत राहतो. तोवर घरातली लेकरे तिच्याच शेजारी झोपतात.

पुसद, उमरखेडकडचा मजूर ऊसतोडीला जातो. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. नोंद इकडे, माणूस फडावर!

यंत्र नाही ही सबबही चालणार नाही. सूक्ष्मदर्शकाला जंतू दिसायचे तर थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये किमान पाच-दहा हजार जंतू लागतात. म्हणजे रोग बळावल्यावरच तो दिसतो. गोव्यात बनणारे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते आणि दोन तासांच्या आत निदान सांगते. ते पोडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात का नसावे?

2025 पर्यंत क्षयमुक्त भारत, ही घोषणा 2018 ची. मार्च 2024 मध्ये औषधांचाच तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना पत्र लिहिले, तुमचे तुम्ही विकत घ्या. पोषणाचे महिना 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले, हे चांगलेच. पण ते बँक खात्यातून मिळतात आणि तेही निदान झाल्यावर. झारखंडमधल्या अभ्यासात रोग्याच्या घरच्यांना शिधा दिला, तर त्यांच्यातले नवे क्षयरोगी जवळपास 40 टक्क्यांनी घटले. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झाले आहे.

आता कायद्याचे. क्षयरोगी न कळवणाऱ्या डॉक्टरवर, औषध विक्रेत्यावर फौजदारी कारवाईची तरतूद 2018 च्या अधिसूचनेत आहे. निदानाला महिने लावणाऱ्या यंत्रणेबद्दल तीत चकार शब्द नाही. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम 21 चा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब ऐकली जाणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात बजावले आहे.

थुंकी दिल्यापासून अहवाल किती दिवसांत मिळेल, हे प्रत्येक आरोग्य केंद्राच्या फलकावर लिहा, ही आमची मागणी आहे. ती मुदत 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात बसवा. त्यात कसूरदार अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत तसा ठराव मांडावा आणि त्याची प्रत जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्यावी.