आडनाव आधी, नाव मागून

दिव्यातल्या एखाद्या शाळेची हजेरी ऐकली, तर म्हात्रे, भोईर, पाटील ही खाडीकाठची जुनी आडनावे आधी कानी येतील, मग गाडीने येऊन स्थायिक झालेली सावंत, जाधव, राणे. गुरुजी नाव आधी पुकारतात, आडनाव शेवटी. चीनमध्ये याच्या उलट. तेथे कूळ पहिले, माणूस मागाहून. माओ त्सेतुंग यात माओ हे आडनाव!

आपल्याकडे आडनाव गावावरून पडते, नाहीतर कामावरून. तिकडेही तसेच. चेन, सोंग, झाओ ही एके काळी राज्ये होती. ती बुडाली, त्यांची नावे मात्र माणसांना चिकटून राहिली. 'सीमा' म्हणजे घोडदळाचा अधिकारी. आपला चिटणीस, फडणीस समजा. फरक एवढाच, की तिथे मोजकीच आडनावे फार पसरली आहेत. वांग, ली आणि झांग यांची माणसे प्रत्येकी नऊ कोटींवर! मग ओळख पटायची ती नावावरूनच, म्हणून नावाचा अर्थ फार पारखून घेतात.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तेथे त्यांचे नाव झाले 'को दिहुआ'. कोटणीसांतला 'को' आडनाव म्हणून पुढे आला, आणि शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, जोडला गेला. पथकातल्या पाचही जणांच्या नावांत हा 'हुआ' आहे. 1941 साली त्यांनी गुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. बाईंनी आडनाव बदलले नाही. तिथे विवाहिता माहेरचेच आडनाव चालवते. 1942 साली मुलगा झाला. त्याचे नाव 'इनहुआ'. इन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी 9 डिसेंबरला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर वारले.

मुले जगत नसली, की आपण दगडू, धोंडू अशी नावे ठेवीत असू. वाईट नजर फिरकू नये म्हणून. चिनी खेड्यांतून 'कुत्र्यानेही टाकलेला' अशा अर्थाचे लाडनाव ठेवीत, तेही त्याच भीतीने. हे हसून सोडून देता येईल. पण मुलीचे नाव 'झाओदी', म्हणजे 'भावाला बोलावून आण', हे कसे सोडायचे? आणि आपण तरी कुठे वेगळे? आपल्याकडे 'नकुशी' होतीच. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेऐंशीहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली. वर्गात रोज 'नकुशी' म्हटल्यावर 'हजर' म्हणायचे, हे त्या पोरींनी किती वर्षे सोसले असेल!

शिक्षकबंधूंनो, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे आता आधी आईचे नाव, मग वडिलांचे, शेवटी आडनाव लिहायचे आहे. तेव्हा दाखला भरताना आई समोर उभी असेल, तर तिचे नाव तिलाच विचारा. बाई लाजून नवऱ्याकडे पाहील. पण घाई करू नका.