सागरतीरीची सहल

सुट्टी जवळ आली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. बहुतेक घरी बेत वडील माणसे आखतात आणि मुले नुसती गाडीत बसतात. मग दोन तासांत 'अजून किती दूर?' हा प्रश्न सुरू होतो. मुले कंटाळतात, वडील माणसे चिडतात आणि सहलीचा आनंद निम्मा होतो. वास्तविक बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना गाडी चालवता येत नसली, तरी सहल आखता नक्कीच येते. ज्याने बेत आखला, त्याला वाट लांब वाटत नाही. वाटेवरच्या प्रत्येक गावाची तो उत्सुकतेने वाट पाहत असतो.

समुद्रकाठच्या सहलीची आखणी तर मोठी मौजेची असते. डोंगरावर किंवा शहरात जायचे, तर नकाशा आणि घड्याळ पुरते. समुद्रकाठी मात्र तिसरीही एक गोष्ट लागते, ती म्हणजे पंचांग. असे का, हे समजून घेण्यासाठी आपण आपल्या कोकणातीलच एक सहल आखून पाहू. अलिबागहून निघायचे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने पाच दिवसांत गणपतीपुळ्यास पोचायचे, असा आपला बेत आहे.

प्रथम नकाशा पाहू. कोकणचा किनारा सरळ रेषेसारखा नाही. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळतात आणि भरतीचे पाणी त्यांच्या मुखातून आत शिरते. त्यामुळे जागोजागी खाड्या झाल्या आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी ७२० किलोमीटर आहे, असे अनेक वर्षे सांगितले जाई. अलीकडे नव्या पद्धतीने अधिक बारकाईने मोजणी झाली, तेव्हा हीच लांबी सुमारे ८७८ किलोमीटर भरली. किनारा काही वाढला नव्हता. प्रत्येक वळणात शिरून मोजल्यामुळे आकडा वाढला. प्रवाशालाही हाच अनुभव येतो. नकाशावर दोन गावे जवळजवळ दिसतात. पण मध्ये खाडी असते आणि रस्ता तिच्या काठाने दूरवर वळसा घेतो.

अशा चार मोठ्या खाड्या आपल्या वाटेवर आहेत आणि त्या ओलांडण्यासाठी मोटारगाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडले ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्री नदीवर तवसाळ ते जयगड अशा या फेऱ्या होत. गाडी बोटीवर चढवावी, कठड्याशी उभे राहून वारा खावा, की थोड्याच वेळात पलीकडचा काठ येतो. परंतु संध्याकाळची शेवटची फेरी चुकली, तर काय होईल? दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्यास जाण्यासाठी खेड आणि चिपळूण यांवरून शंभर किलोमीटरहून अधिक वळसा घालावा लागेल! म्हणून आखणीचा पहिला नियम असा : आधी फेरीबोटींच्या वेळा लिहून घ्याव्यात आणि मग मुक्कामाची गावे ठरवावीत. वाट वळणावळणाची आणि अरुंद असल्यामुळे तासाला पंचवीस-तीस किलोमीटरहून अधिक अंतर धरू नये.

आता पंचांगाकडे वळू. समुद्राला दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सुमारे सहा तास बारा मिनिटे जातात. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या आकर्षणामुळे होते आणि चंद्र रोज उशिरा उगवतो. म्हणून भरतीची वेळही रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे जाते. कोकणातील जुन्या लोकांपाशी यासाठी एक सोपा हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. उदाहरणार्थ, पंचमी घ्या. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणून पंचमीला पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सकाळी व रात्री दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य पक्ष, हिशेब तोच.

भरती रोज सारखी नसते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. त्या वेळी पाणी फार चढते आणि फार उतरते. ती उधाणाची भरती होय. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे ओढ एकमेकांशी काटकोनात असतात. तेव्हा पाण्याचा चढउतार कमी असतो. ती भांगाची भरती होय.

हा हिशेब सहलीला कशासाठी हवा? आपल्या वाटेवरील तीन ठिकाणेच याचे उत्तर देतील. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला पाणी मागे सरते आणि किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. भरतीला त्याच वाटेवर पाणी खेळू लागते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट समुद्रकाठच्या खडकांवरून जाते. लाटांनी कोरलेल्या त्या खडकांची शोभा अपूर्व आहे. परंतु ती पाहावी ओहोटीलाच, कारण भरतीच्या लाटा थेट त्या वाटेवर आदळतात. तिसरे ठिकाण हेदवीची बामणघळ. येथे खडकाला एक अरुंद भेग आहे. भरतीचे पाणी जोराने तिच्यात घुसते आणि कारंज्याप्रमाणे उंच उसळते. ओहोटीला तेथे पाहण्यासारखे फारसे काही नसते. सारांश, पहिल्या दोन ठिकाणी ओहोटी हवी आणि तिसऱ्या ठिकाणी भरती हवी. तीही उधाणाची, आणि सर्व उजेडी!

आता हे कोडे सोडवू. पहिल्या दिवशी कुलाबा, दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर आणि पाचव्या दिवशी हेदवी येते. पंचमीला निघालो, तर कुलाबा किल्ला सकाळी दहाला आरामात पाहता येईल. पण हेदवीस नवमी येईल. त्या दिवशी भरती सकाळी आणि संध्याकाळी पावणेसातला, आणि तीही भांगाची. म्हणजे बामणघळीचे कारंजे हवे तसे दिसणार नाही. पौर्णिमेला निघालो, तर अलिबागला पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येईल. सूर्य मावळतीला आलेला आणि परत फिरताना पाणी चढते. असे साहस कोणी करू नये. आता एकादशी घेऊन पाहा. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे पूर्ण ओहोटी दुपारी अडीचच्या सुमारास. कुलाब्याला वेळ उत्तम. द्वादशीला भरती नऊला, ओहोटी सव्वातीनला. हरिहरेश्वरलाही वेळ उत्तम. पाचव्या दिवशी पौर्णिमा. भरती सकाळी सव्वाअकराला आणि तीही उधाणाची! कोडे सुटले. दिवाळीची सुट्टी तोपर्यंत चालू असेल, तर कार्तिक शुद्ध एकादशीस निघून त्रिपुरी पौर्णिमेस सहल पुरी करता येईल.

अशी ही सहल दिवसवार मांडू. एकादशीच्या सकाळी अलिबागजवळचे आक्षी गाव पाहावे. मराठीतील अत्यंत जुन्या शिलालेखांत गणला जाणारा एक शिलालेख येथे आहे. ज्या भाषेत आपण हा पाठ वाचत आहोत, तिचे जुने रूप दगडावर पाहणे हा वेगळाच आनंद आहे. दुपारी दीडला कुलाब्याकडे निघावे आणि अडीचच्या सुमारास परत फिरावे. मग रेवदंड्यावरून मुरूड गाठावे. वाटेत कोर्लई लागते. तेथील काही कुटुंबे आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून तयार झालेली एक बोली घरात बोलतात.

द्वादशीच्या सकाळी राजपुरीहून होडीने जंजिरा किल्ला पाहावा. 'जंजिरा' हा शब्द मूळ अरबी 'जझीरा' म्हणजे बेट यावरून आला आहे. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांनी अनेकदा प्रयत्न करूनही त्यांच्या हाती आला नाही. मग फेरीबोटीने दिघीस उतरावे आणि वाटेत न रेंगाळता तीनपूर्वी हरिहरेश्वर गाठावे. त्रयोदशीला वेसवीस उतरून वेळास, केळशी, आंजर्ले अशी गावे पाहत हर्णैला जावे. संध्याकाळी तेथे मासळीचा लिलाव पाहावा. मुक्काम जवळच्या मुरूडला करावा. हे दापोली तालुक्यातील मुरूड. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी ते आपल्या सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. आपल्याला तर गाडी आहे! चतुर्दशीला दाभोळची खाडी ओलांडून गुहागर, आणि पौर्णिमेला हेदवी. पुढे तवसाळहून जयगड, मग कवी केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड आणि शेवटी गणपतीपुळे.

यात एक गोष्ट मात्र राहून जाते. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्रकासवे अंडी घालतात आणि गावकरी त्यांचे रक्षण करतात. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायची, तर फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जावे लागते. ज्यांना ती पाहावयाची असतील, त्यांनी माघातील एकादशी निवडावी. मात्र तेव्हा दिवाळीची सुट्टी नसेल. प्रत्येक बेतात काही मिळते आणि काही सोडावे लागते. काय सोडायचे, हे सर्वांनी मिळून ठरवले, म्हणजे मागाहून कुरकुर होत नाही. घरातील प्रत्येक मुलाला आपल्या आवडीचे एक ठिकाण निवडण्याचा हक्क असावा. पण ते वेळापत्रकात कसे बसते, हे दाखवण्याची जबाबदारीही त्याचीच असावी.

कामेही वाटून घ्यावीत. एकाने नकाशा सांभाळावा, दुसऱ्याने भरती-ओहोटीची वही ठेवावी, तिसऱ्याने खर्चाचा हिशेब लिहावा, आणि पाण्याच्या बाटल्या, औषधे व शिदोरी यांची चिंता चौथ्याने वाहावी. गाडी चालवणाऱ्यास दोन तासांनी विश्रांती मिळते की नाही, हे सर्वांनीच पाहावे. मोबाइलवरील नकाशा उपयोगी असतो. पण किल्ल्याच्या वाटेवर पाणी किती वाजता येईल, हे तो आपण होऊन सांगत नाही.

पाऊणपटीचा हिशेबही अंदाजाचाच आहे. कधी तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी होते. गावागणिक वेळेत थोडा फरक पडतो आणि वारा जोराचा असेल तर पाणी अधिक चढते. म्हणून भरतीचे छापील वेळापत्रक पाहावे आणि त्या त्या गावी पोचल्यावर कोळी बांधवांना विचारावे. त्यांनी 'आज जाऊ नका' म्हटले, तर बेत कितीही सुंदर असला, तरी तो मोडावा. अनोळखी पाण्यात पोहू नये, बामणघळीच्या कडेवर उभे राहू नये आणि पावसाळ्यात ही सहल काढूच नये. वाटेत झालेला उशीर पुढे भरून काढता येतो; चढत्या पाण्याशी केलेली पैज मात्र जिवावर बेतते. बेत मोडण्याची तयारी असणे, हादेखील चांगल्या आखणीचाच भाग आहे.

पौर्णिमेच्या संध्याकाळी गणपतीपुळ्याच्या वाळूवर उभे राहाल, तेव्हा समोर सूर्य समुद्रात बुडताना दिसेल. मागे वळून पाहिलेत, तर डोंगराआडून पूर्ण चंद्र वर येत असेल. दोघांच्या मध्ये आपली पृथ्वी आहे आणि म्हणूनच आज समुद्राला उधाण आहे. जे गणित घरी वहीत मांडले होते, ते त्या वेळी आकाशात आणि पाण्यात प्रत्यक्ष दिसेल. मुलांनो, येत्या सुट्टीत पंचांग आणि नकाशा घेऊन बसा, आणि पहिला बेत तुम्हीच आखा.