चालीची द्व्यर्थता

शब्दाचा अर्थ जसा त्याच्या वापरावरून ठरतो, तसाच पत्त्यांच्या डावातील चालीचाही ठरतो. उत्तम पाने आली असतानाच जो रक्कम वाढवितो, त्याची चाल एकार्थी होते व प्रतिपक्षाला ती सहज वाचता येते. चेहरा निर्विकार ठेवून हा दोष जात नाही. चालच द्व्यर्थी करावी लागते.

ती किती प्रमाणात करावी, हे हॅरल्ड कून यांनी १९५० साली मांडलेल्या लघु-पोकरवरून स्पष्ट होते. राजा, राणी व गुलाम एवढीच तीन पाने. दोघे खेळाडू प्रत्येकी एक नाणे मांडून एकेक पान घेतात. पहिल्याने आणखी एक नाणे लावले व दुसऱ्याच्या हाती राणी असली, तर दुसऱ्याने एक नाणे घातल्यास तीन मिळण्याची शक्यता असते. पहिला राजावर तीनदा लावून गुलामावर एकदाच लावीत असेल, तर त्या तीन हानी व एक लाभ यांची बेरीज शून्य होते. राणीवाल्यास निर्णयाला आधारच उरत नाही. ती एक वेळ मात्र यदृच्छेने निवडावी. तीत नियम दिसला की अर्थ पुन्हा उघड होतो.

वाकडपासून कोकणापर्यंत गणेशोत्सवाच्या जागरणात रंगणाऱ्या तीन पत्तीत ‘ब्लाइंड’ खेळणाऱ्याची चाल त्याच्या पानांविषयी काहीच सांगत नाही, कारण ती त्यालाच ठाऊक नसतात. पाने पाहणाऱ्यास दुप्पट रक्कम लावावी लागते. ज्ञानाची ही किंमत होय.

व्यवहारातील भाषेत संदिग्धता दोष ठरते, कारण वक्ता व श्रोता यांचे हित बहुधा एकच असते. हित परस्परविरोधी झाले की तोच दोष गुण होतो.