चंदीच्या बादलीतला कायदा

फेरी संपवून घोडा मैदानाबाहेर आला की औषधांच्या चाचणीचा माणूस सईसाच्या बरोबरीनं चालू लागतो. तेव्हापासून नमुना मिळेपर्यंत घोडा त्याच्या नजरेआड होत नाही. चाचणीच्या ठाणात कोरडा भुसा पसरलेला असतो. घोड्याच्या पासपोर्टातल्या खुणा ताडून झाल्या की सईस हलकी शिट्टी वाजवू लागतो आणि लांब दांड्याला भांडं लावून एक जण धार झेलायला टपून राहतो. मी पाहिलेल्या घोडीनं सगळ्यांना चांगलंच ताटकळत ठेवलं. लघवी मिळालीच नाही, तर मानेच्या शिरेतल्या रक्तावर भागवतात. नमुना ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन भागांत सीलबंद होतो. प्रयोगशाळेला नाव कळत नाही, फक्त क्रमांक कळतो.

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या औषधांच्या यादीत दोन गट आहेत. बंदी असलेली द्रव्यं स्पर्धेच्या घोड्याला कधीच चालत नाहीत. नियंत्रित औषधं उपचारापुरती चालतात, पण स्पर्धेच्या वेळी अंगात उरता कामा नयेत. फिनाइलब्युटाझोन हे नेहमीचं वेदनाशामक सात दिवसांपर्यंत सापडू शकतं. हा आकडा मोजक्या घोड्यांवरून काढलेला असल्यामुळे शहाणा पशुवैद्य त्यात आणखी दिवस मिळवतो.

कातडीच्या मलमातल्या बीटामेथासोननं 2004 साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये जर्मनीचं सांघिक सुवर्ण घालवलं. 2008 सालच्या ऑलिंपिकमध्ये हाँगकाँगला नॉर्वेचं कांस्य गेलं ते कॅप्सेसिनमुळे. मिरचीतलं हे द्रव्य वेदना बधिर करतं. पण पायाला चोळलं तर कातडी हुळहुळी होते आणि आडव्या दांड्याला पाय लागू नये म्हणून घोडा उंच उडतो.

धोका मात्र रोजच्या कामातही असतो. कॉफीचा कप चंदीच्या बादलीत हिंदकळला, आजारी घोड्याची बादली दुसऱ्यासमोर गेली, गोळी घेतलेला सईस ठाणातच लघवीला बसला आणि तिथली वैरण घोड्यानं खाल्ली, तरी नमुन्यात औषध उतरू शकतं. चूक कुणाचीही असो, आधी जाब द्यावा लागतो स्वाराला. हे कडक आहे, पण योग्य आहे. नाहीतर प्रत्येक जण सईसाकडे बोट दाखवील.

2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाज या अश्वक्रीडा प्रकारातलं सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात मुंबईचा हृदय छेडा होता. त्याच्या वाटेनं जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या पालकांनी घोडेस्वारीच्या क्लबात चौकशी करताना घोड्यांच्या औषधांची नोंदवही आधी मागावी.