बागेतलं तळं आणि डासांचा ताप

पावसाळा सुरू झाला की रोपवाटिकांमध्ये कमळ आणि वॉटर लिलीला मागणी वाढते. बंगल्याच्या अंगणात, सोसायटीच्या बागेत, अगदी गच्चीवरच्या टबातही आता छोटी तळी दिसतात. याच दिवसांत सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात डेंगी आणि हिवतापाच्या रुग्णांची रांगही वाढते. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळा, हा आरोग्य खात्याचा सल्ला सर्वांना पाठ आहे. पण तळं दर आठवड्याला कोरडं कसं करणार? ते बुजवण्याची गरज नाही. झाडं कोणती, किती आणि कुठे लावली, यावर तिथे डास वाढणार की नाही हे बरंचसं ठरतं.

अळी कुठे लपते?

आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. अळी पाण्यात राहते, पण श्वासासाठी तिला पृष्ठभागावर यावंच लागतं. गप्पी मासे तिला तिथेच टिपतात. शहरांत हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी डास टाक्या, विहिरी आणि कारंज्यांच्या हौदातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या पातळीच्या जरा वर अंडी घालते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. मासे असलेल्या तळ्यात अळ्या वाचतात त्या दाट पानांच्या आणि शेवाळाच्या जाळीत. तिथे मासा शिरू शकत नाही.

लागवड करताना

लिलीची पानं पाण्यावर पसरतात. त्यांच्या सावलीने पाणी थंड राहतं आणि शेवाळ कमी होतं. मात्र निम्मं पाणी तरी उघडं राहायला हवं. छोट्या तळ्यात एकच लिली पुरते. कुंडीत कोकोपीट किंवा कंपोस्ट नको, ते तरंगतं आणि पाणी खराब करतं. साधी चिकणमाती भरून वर बारीक खडी पसरावी. सुरुवातीला कुंडी विटांवर ठेवावी. पानं वाढतील तशा विटा काढत ती फूट-दीड फूट खोल न्यावी. कमळाचा कंद आडवा ठेवावा आणि त्याचा कोंब मातीत गाडू नये. दोन्हींना रोज पाच-सहा तास ऊन लागतं. कारंजं असेल तर लिली त्याच्या तुषारांपासून दूर ठेवावी.

इथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. लिली-कमळाच्या कुंडीची कड पाण्याच्या वर राहिली, तर आत वेगळं डबकं तयार होतं. तळ्यात मासे असूनही त्या डबक्यात अळ्या सुखाने वाढतात. म्हणून कड किमान चार बोटं पाण्याखाली असावी.

वेखंड, कर्दळ अशी काठावरची झाडं उथळ पाण्यात, तळ्याच्या एकाच बाजूला लावावीत. दुसरी बाजू मोकळी राहिली की पाणी दिसतं आणि हात पोहोचतो. या झाडांच्या दांड्यांवर चढून चतुर पाण्याबाहेर येतात. त्यांची पाण्यातली पिल्लं डासांच्या अळ्या खातात. अळूसारख्या झाडांच्या पानांच्या बेचक्यात मात्र पाणी साचतं, तेही बघायला हवं.

जलपर्णी आणि पिस्टिया तळ्यात आणूच नयेत. त्या पाहता पाहता सगळं पाणी झाकतात. शिवाय मॅन्सोनिया जातीच्या डासाची अळी त्यांच्या मुळांना भोक पाडून तिथूनच हवा घेते, तिला वर यावंच लागत नाही. केरळमध्ये या डासांमुळे पसरणाऱ्या हत्तीरोगाशी लढताना पिस्टिया काढून टाकण्यावर भर दिला गेला होता.

हायड्रिलासारख्या पाण्याखालच्या वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्री तोच वापरतात. त्यांची दाटी झाली तर पहाटे मासे गुदमरतात, आणि मासे मेले की अळ्यांना रान मोकळं मिळतं. त्यामुळे त्या वरचेवर विरळ कराव्यात.

आठवड्याची तपासणी

तळं रिकामं करता येत नसलं तरी कोरड्या दिवशी ते तपासता येतं. पांढऱ्या वाटीने पानांच्या कडेचं पाणी घेऊन पाहावं, वळवळणाऱ्या अळ्या लगेच दिसतात. पिवळी, सडकी पानं काढावीत. तळ्याभोवतीच्या कुंड्यांच्या थाळ्या घासून कोरड्या कराव्यात. मासे असलेल्या तळ्यापेक्षा डेंगीचा धोका या थाळ्यांत जास्त असतो. तळ्यात रॉकेल किंवा कीटकनाशक ओतू नये, मासे आणि चतुरांची पिल्लंच आधी मरतात. गप्पी मासे मूळचे परदेशी असल्याने ते नदी-ओढ्यात सोडू नयेत.

घरात लहान मूल असेल तर तळ्यावर भक्कम जाळी किंवा भोवती कुंपण हवंच. काही इंच पाण्यातही मूल बुडू शकतं.

आणि ताप आलाच तर रक्ततपासणी लांबवू नये. डेंगी नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.