सीतापुऱ्यातील सव्वा तास

जयपूर शहराच्या दक्षिणेला सीतापुरा औद्योगिक वसाहत आहे. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी तेथील इंडियन ऑइलच्या आगारातून शेजारच्या भारत पेट्रोलियमच्या आगाराकडे पेट्रोल सोडण्याची तयारी चालू होती. टाकीजवळच्या एका व्हॉल्व्हची स्थिती बदलताना पेट्रोलचा फवारा उसळला. तेथे काम करणारा कर्मचारी वाफेने गुदमरला. मदतीला धावलेल्याचीही तीच गत झाली. पुढे सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिले, वाफेचा ढग आवारभर आणि आवाराबाहेरही पसरला, आणि साडेसातच्या सुमारास त्याचा स्फोट झाला.

आग आठवड्याहून अधिक काळ धुमसत होती. या काळात कंपनीने घेतलेला मुख्य निर्णय लोकांना चमत्कारिक वाटला: आग विझवायची नाही, तेल जळून जाऊ द्यायचे. शहरावर काळा धूर साचलेला असताना हे ऐकणाऱ्याला ती शरणागतीच वाटणार. परंतु माझ्या मते तो निर्णय योग्य होता. एकमेकींशेजारी पेटलेल्या टाक्यांजवळ माणसे पाठवणे म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणे, आणि अर्धवट विझलेल्या इंधनाच्या वाफेने पुन्हा स्फोट होण्याची भीती वेगळीच. लोकांच्या डोळ्यांत वाईट दिसेल हे ठाऊक असूनही सुरक्षित मार्ग धरणे, हे संकटकाळात फार थोड्या संस्थांना जमते. त्याचे श्रेय कंपनीला द्यायला हवे.

माझी तक्रार त्या आठवड्याबद्दल नाही, आधीच्या सव्वा तासाबद्दल आहे.

हिंदुस्तान पेट्रोलियमचे माजी अध्यक्ष एम. बी. लाल यांच्या समितीने जानेवारी २०१० मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाला अहवाल दिला. समितीने ११ मृत्यू नोंदवले. सहा जण कंपनीचे, पाच बाहेरचे. बाहेरच्या त्या पाच जणांचा आगाराशी संबंध एवढाच की, त्या संध्याकाळी ते जवळपास होते. अहवालाची भाषा कोरडी आहे, पण दोष झाकणारी नाही. वापरलेला ‘हॅमर ब्लाइंड’ व्हॉल्व्ह उलटवताना वरून उघडा राहतो. त्या जागेपुरती लेखी कार्यपद्धती नव्हती. गळती दुरून थांबवण्याची सोय उपलब्ध नव्हती. दोन माणसे कोसळल्यावर प्रवाह बंद करायचा, तर कोणीतरी त्याच वाफेत शिरणे भाग होते.

संस्था संकटानंतर ‘अनपेक्षित’ हा शब्द हमखास वापरतात. येथे तो कितपत चालतो? डिसेंबर २००५ मध्ये इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे टाकी ओसंडून पेट्रोलच्या वाफेचा असाच ढग बनला आणि फुटला. रविवारची पहाट होती म्हणून कोणी दगावले नाही, ४३ जण जखमी झाले. सीतापुऱ्याच्या अवघे सहा दिवस आधी, २३ ऑक्टोबरला, प्वेर्तो रिकोमधील कॅरिबियन पेट्रोलियमच्या आगारात तसेच घडले. सहा दिवसांत जयपूरने काही शिकावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण चार वर्षे हा पुरेसा अवधी होता.

त्या तिघांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. बन्सफील्ड प्रकरणात २०१० मध्ये पाच कंपन्यांना न्यायालयाने दंड केला. कॅरिबियन पेट्रोलियमने त्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली. जयपुरात जुलै २०१० मध्ये पोलिसांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांना अटक केली, पण धंद्याला धक्का बसल्याचे दिसले नाही. तसे होणारही नव्हते. देशातले पेट्रोलपंप मोजक्या सरकारी कंपन्यांच्या हाती असताना रागावलेला ग्राहक जाणार तरी कोठे? व्यवस्थापनाच्या पुस्तकांत प्रतिष्ठेचे मोजमाप बाजार करतो. सरकारी तेल कंपनीची प्रतिष्ठा बाजारात नसते. ती कुंपणापलीकडच्या कारखान्यात आणि पाळीवर आलेल्या कामगाराच्या घरी असते. तेथे ती कोणी मोजत नाही, म्हणून जनसंपर्क विभागालाही तिची फिकीर नसते. (माहुलच्या तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या सावलीत राहणाऱ्या मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको.)

या प्रकरणात विश्वास थोडाफार सावरला तो समितीचा अहवाल लोकांसमोर आल्यामुळे, असे मला वाटते. आपल्याकडे चौकशी अहवाल बहुधा कपाटात जातात. हा कोणालाही वाचता आला, आणि त्यात सरकारी मालकीच्या कंपनीच्या चुका तिच्याच क्षेत्रातल्या जाणकाराने मांडल्या होत्या. असा अहवाल कंपनीला त्या दिवसांत नक्कीच जड गेला असणार.

तो पुन्हा वाचताना मी एका निष्कर्षापाशी थांबलो. इतका वेळ आणि इतके पेट्रोल वाहून जाऊ शकते, ही गोष्ट धोक्यांची यादी करताना संभाव्य म्हणून धरलीच नव्हती. यादी तयार होती, तिच्यात ही ओळ नव्हती.