शिकण्यासाठी बांधलेलं विमान

आमच्या विमानात उजव्या सीटवर बसलं की समोरच एक पाटी दिसते. हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि कारखान्यातल्या विमानांना लागू असलेल्या सरकारी सुरक्षा नियमांत ते बसत नाही, असं तिच्यावर सरळ लिहिलंय. बाहेर कॉकपिटपाशी दोन इंच उंचीची अक्षरं: ‘एक्स्पेरिमेंटल’. दोन्ही पाट्या कायद्यानं सक्तीच्या. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या आमच्या घरी येणारे पाहुणे त्या वाचतात आणि हळूच विचारतात, “मग तू बसतेस कशी?” बसते, कारण या विमानातले बहुतेक रिव्हेट माझ्या हाताखालून गेलेत.

माझं माहेर कोल्हापूरचं. उद्यमनगरात बाबांचं लेथचं वर्कशॉप होतं. शाळेतून परस्पर तिथं जायचं, मापं घ्यायची, जॉबला कानस मारून बर काढायची, हे लहानपणी अंगवळणी पडलेलं. नवऱ्यानं गॅरेजमध्ये विमान बांधायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा सासरी फोनवर शांतता पसरली. बाबांनी एवढंच विचारलं, “टॉलरन्स किती धरायचाय?”

अमेरिकेत घरी विमान बांधणं ही आडवाटेची पळवाट नाही. तिथल्या एफएएच्या, म्हणजे विमान वाहतूक प्रशासनाच्या नियमावलीत त्यासाठी स्वतंत्र वर्ग आहे. अट अशी की विमानाचा मोठा भाग अशा माणसांनी बनवलेला आणि जोडलेला असावा, ज्यांनी हे काम निव्वळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी हाती घेतलं. बोलण्यात याला ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. नफ्यासाठी बांधलं तर विमान या नियमात बसत नाही. कोणता भाग कधी केला याची वही आणि फोटो ठेवायचे, शेवटी निरीक्षक येऊन ते तपासतो. सरकारी नियमात ‘शिक्षण’ हा शब्द या अर्थानं पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला त्या खात्याबद्दल आदर वाटला. असं माझ्या बाबतीत फारसं होत नाही.

आमचं विमान आरव्ही-७ए. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतात, पंख खाली, अंग सगळं ॲल्युमिनियमचं. ऑरेगन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्टकडून त्याचे सुटे भाग येतात. रिचर्ड व्हॅनग्रन्सवन या अभियंत्यानं १९७०च्या दशकात ही कंपनी काढली, आणि जगात सर्वांत जास्त घरगुती विमानं याच घराण्यातली आहेत. खोक्यात भोकं पाडलेले पत्रे, फासळ्या आणि नकाशे मिळतात. इंजिन, पंखा आणि उपकरणं वेगळी घ्यायची. आमचं इंजिन लायकमिंगचं, १८० अश्वशक्तीचं, आणि सगळ्यात मोठा खर्च त्याचाच.

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून हवेवरची गन धरायची, दुसऱ्यानं आतून रिव्हेटच्या शेपटाला पोलादी ठोकळा टेकवायचा. गन धडधडते आणि शेपूट ठोकळ्यावर चेपून त्याचं डोकं बनतं. रिव्हेटची जाडी ३.२ मिलिमीटर असेल तर डोकं दीडपट रुंद, म्हणजे ४.८, आणि जाडीच्या निम्मं उंच, म्हणजे १.६ मिलिमीटर हवं. जास्त चेपलं तर पत्रा ताणतो, कमी चेपलं तर जोड ढिला राहतो, तिरकं गेलं तर ड्रिलनं काढून पुन्हा. काढताना भोक मोठं होण्याची भीती, म्हणून हात आवरून. माझे हात लहान, पंखाच्या टोकाशी अडचणीत पोचणारे. त्यामुळे आतली बाजू माझ्याकडे आली ती कायमची. असे रिव्हेट हजारोंनी. कित्येक वर्षं आमचे शनिवार-रविवार कानाला मफ लावून गेले आणि संध्याकाळी जेवताना आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो.

विमान तयार झालं की लगेच कुणालाही घेऊन उडता येत नाही. आधी ठरलेल्या भागातच चाचणी-उड्डाणं, आमच्या बाबतीत ४० तास. त्या काळात हौसेनं बसणाऱ्याला मनाई. माझ्या हातचं काम पहिल्यांदा हवेत गेलं, तेव्हा मी हँगरच्या दारात उभी राहून ऑइलचे डाग पुसत होते. आणि हे सांगायलाच हवं: घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचं प्रमाण कारखान्यातल्या छोट्या विमानांपेक्षा जास्त आहे. पहिल्या काही तासांत धोका सर्वाधिक असतो. ती पाटी शोभेची नाही.

आता हे विमान घेऊन आम्ही जिथं जातो ते ऑशकॉश. विस्कॉन्सिन राज्यातलं विनेबेगो तळ्याकाठचं गाव. १९५३ साली मिलवॉकीत पॉल पोबेरेझ्नी या वैमानिकानं स्वतः विमानं बांधणाऱ्यांची संघटना काढली, एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. त्याच वर्षी पहिलं संमेलन भरलं, मूठभर विमानांचं. पुढे ते इलिनॉयमधल्या रॉकफर्डला गेलं आणि १९७०पासून ऑशकॉशला स्थिरावलं. आज जुलैच्या शेवटच्या दिवसांत, आठवडाभर, तिथं दहा हजारांवर विमानं ऑशकॉश आणि आसपासच्या विमानतळांवर उतरतात. २०२४ साली येणाऱ्यांचा आकडा ६ लाख ८६ हजार होता. जुनी लढाऊ विमानं असतात, जेट असतात, दुपारी कसरती असतात. पण मुळात हा हातानं विमान बांधणाऱ्यांचा मेळा, आणि त्यांच्यासाठी धावपट्टीजवळचं गवत राखून ठेवलेलं असतं.

आमच्या गावाहून ऑशकॉश सव्वा तासाच्या आत. आयोवाचे मक्या-सोयाबीनचे चौकोन, मग मिसिसिपी, मग विस्कॉन्सिनची ठिगळं. रिपन या गावापर्यंत आम्ही निवांत गप्पा मारत जातो. (अमेरिकेतला रिपब्लिकन पक्ष आपण जन्माला घातला, हा रिपनचा अभिमानाचा दावा.) रिपनपासून पुढे गप्पा बंद.

त्या आठवड्यात ऑशकॉशचा कंट्रोल टॉवर जगात सर्वांत गजबजलेला असतो. इतक्या विमानांशी रेडिओवर एकेक करून बोलत बसलं तर संध्याकाळ होईल. म्हणून दरवर्षी जाडजूड सूचनापत्र निघतं आणि प्रत्येकानं ते वाचूनच यायचं. रिपनहून फिस्क या वस्तीपर्यंत रेल्वेचे रूळ जातात. त्या रुळांवरून एकामागे एक, पुढच्याच्या मागे अर्धा मैल अंतर ठेवून, ९० नॉट वेगानं, समुद्रसपाटीपासून १,८०० फुटांवर उडायचं. जमीनच आठशे फुटांवर असल्यानं आपण शेतांच्या जेमतेम हजार फूट वर असतो. ज्यांना इतकं हळू उडता येत नाही ते २,३०० फुटांवरून १३५ नॉटनं. ओव्हरटेक नाही, शेजारून उडणं नाही. अंतर राखता येत नसेल तर बाहेर पडून पुन्हा रांगेच्या शेवटी. एरवी तीनशे किलोमीटरच्या वेगानं पळणारं आमचं विमान तिथं ताशी १६७ किलोमीटरवर आणून धरून ठेवायचं. त्याचं नाक थोडं वर, आणि नवऱ्याचा जबडा घट्ट.

माझं काम बघण्याचं. सूचनापत्राची पानं मांडीवर, डोळे बाहेर.

“उजवीकडे, वर, पिवळं. पंख वरचा.”

“दिसलं.”

“समोरचा मंद झालाय.”

“दिसतोय गं.”

फिस्कच्या टेकाडावर गुलाबी शर्ट घातलेले कंट्रोलर दुर्बिणी घेऊन उभे असतात. ते विमानाचा नंबर विचारत नाहीत. रंग आणि आकार बघून हाक मारतात: पांढरी आरव्ही, पंख हलवा! नवरा दांडी डावी-उजवीकडे झटकतो, विमान डुलतं, आणि तोच आमचा होकार. आपण एक शब्दही बोलायचा नाही. पहिल्या खेपेला मला हे विचित्र वाटलं होतं, कारण वैमानिकांना रेडिओवर बोलायला किती आवडतं हे मला ठाऊक आहे. मग कोणत्या धावपट्टीकडे वळायचं ते सांगतात. धावपट्टीवर रंगीत ठिपके रंगवलेले असतात. “हिरव्या ठिपक्यावर” म्हटलं की हिरव्याच ठिपक्यावर टेकायचं, कारण त्याच धावपट्टीवर पुढच्या ठिपक्यावर एक विमान टेकत असतं आणि मागच्यावर आणखी एक येत असतं. एरवी असं अंतर कुणी मान्य करणार नाही. इथं या आठवड्यापुरती खास सवलत आहे.

टेकलं की ताबडतोब गवतावर. मी काचेला कागद लावते, ठळक अक्षरांत ‘एचबीसी’, म्हणजे घरी बांधलेलं विमान, मुक्काम करणार. हातात झेंडे घेतलेले स्वयंसेवक तो वाचतात आणि खुणा करत रांगेतल्या जागेवर नेऊन सोडतात. या सगळ्यांत वयस्कर माणसं खूप. निवृत्तीनंतर दरवर्षी सुट्टी काढल्यासारखी येऊन उन्हात उभी राहतात.

इंजिन थंड होण्याआधी विमान बांधायचं. जमिनीत खिळे ठोकून पंखांना आणि शेपटीला दोर, आणि हे सक्तीचं. २०११ साली फ्लोरिडातल्या लेकलँडच्या अशाच मेळ्यात वादळ घुसलं आणि डझनावारी विमानं उलटीपालटी झाली. विस्कॉन्सिनच्या जुलैतही संध्याकाळी आभाळ बघता बघता काळं होतं. एका रात्री वारा सुटला तेव्हा आमच्या रांगेतले सगळे तंबू सोडून बाहेर आले आणि ज्याच्या-त्याच्याच नव्हे, कुणाच्याही पंखाला लटकून उभे राहिले. तंबू दोन वाहून गेले. विमान एकही हललं नाही.

तंबू पंखाशेजारी. सीटमागच्या जागेत १०० पौंडांपलीकडे सामान ठेवता येत नाही, त्यामुळे घरीच वजनकाट्यावर सगळं ठरतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट हलकं, टिकाऊ, आणि शेजाऱ्यांशी अदलाबदलीला उत्तम. बदल्यात मक्याची कणसं मिळतात. आंघोळीला रांग असते. पहाटे मर्लिन इंजिनांची जुनी लढाऊ मस्टँग विमानं उठवतात आणि मग झोपेचं नाव नको.

मात्र कसरतींपेक्षा मला त्या गवतातल्या रांगा आवडतात. प्रत्येक विमानाशेजारी खुर्ची टाकून बांधणारा बसलेला, आणि त्याला काहीही विचारायची मुभा. हे बिजागर असं का? ही नळी इथून का नेलीस? कुणी रागावत नाही. उलट, कुठं चुकलं होतं तेच आधी दाखवतात. १९७५ साली बर्ट रुटान या विमानांचे आराखडे करणाऱ्या माणसानं व्हेरीईझी नावाचं विमान इथं आणलं. फोम आणि फायबरग्लासचं, छोटा पंख पुढे आणि मोठा मागे. बघणाऱ्यांनी प्रश्न विचारले, नकाशे घेतले आणि गॅरेजांत कामाला लागले. त्याच रुटानच्या आराखड्यावरचं व्हॉयेजर १९८६ साली कुठंही न उतरता, हवेत इंधन न भरता पृथ्वीला फेरी मारून आलं. त्याचा भाऊ डिक रुटान आणि जीना येगर यांनी ते नऊ दिवस चालवलं.

बाबा आले त्या वर्षी नवऱ्यानं त्यांना विमानानं नेलं आणि मी तंबू घेऊन मोटारीनं गेले. कसरती सुरू झाल्या तेव्हा सगळं जग वर बघत होतं आणि बाबा एका विमानाच्या पोटाखाली आडवे झालेले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर कापड. बांधणारा विस्कॉन्सिनचाच शेतकरी. पाच नळ्या एका बिंदूत येतात तो जोड त्यानं कसा वेल्ड केला, हे बाबांना हवं होतं. दोघांना एकमेकांची भाषा जेमतेम कळत होती. तो इंचात बोले, बाबा मिलिमीटरमध्ये. शेवटी दोघांनी कागदावर आकृत्या काढल्या. निघताना शेतकऱ्यानं सरावासाठी केलेला एक जोड मधून कापून त्यांच्या हातात ठेवला, वेल्ड आतपर्यंत पोचलंय का ते दिसावं म्हणून.

रात्री बाबा म्हणाले, “ह्या शेतकऱ्याला परवानगी देतं कोण?” नियम सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “उद्यमनगरात असं काम करणारी वीस पोरं दाखवतो की.”

त्यात खोटं काही नव्हतं. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी २०१७ साली झाली, आणि धुळ्याला ते उडालं २०२० साली. कौशल्य होतं, जिद्दही होती. कागद मागून आले. अमेरिकेत हा वर्ग आधी आखलेला आहे, ५१ टक्के, ४० तास, पाटी, सगळं ठरलेलं. त्यामुळे शेतकऱ्याला मंत्रालयात चकरा माराव्या लागत नाहीत आणि गैरसमजाला जागा राहत नाही. हौशी माणसाला शिकण्याची मोकळीक द्यायची आणि धोका त्याच्याच नावावर लिहून ठेवायचा, हा व्यवहार मला पटतो. भारतात असा वर्ग नीट रुळला तर पहिली दहा विमानं कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजीच्या पट्ट्यातून येतील, असं मी पैजेवर सांगते.

बाबा परत गेले तेव्हा तो कापलेला जोड त्यांच्या बॅगेत होता. मुंबईला कस्टम्सच्या माणसानं बाहेर काढून विचारलं, हे काय आहे? बाबांनी खिशातलं पेन काढलं आणि त्याच्याच फॉर्मच्या मागं आकृती काढून त्याला पाच नळ्यांचं वेल्डिंग समजावलं. मागची रांग बरीच वाढली होती म्हणे.